पाणी कुठलं, कोणी आणलं

आमच्या शाळेत कोणी रजेचा अर्ज घेऊन ऑफिसकडे निघालं, की प्रयोगशाळेच्या दारातून हाक ठरलेली. "कोण्या गावाले चालले जी? येताना पाणी आणजा."

नव्या माणसाला वाटायचं, थट्टा चालली आहे. थट्टा अजिबात नव्हती. अमरावतीच्या त्या शाळेतले लोक लग्नाला, बारशाला, तेरवीला जायचे आणि परत येताना एक बाटली पाणी भरून आणायचे. तिवशाच्या विहिरीचं, चांदूर बाजारच्या बोअरचं, चिखलदऱ्याच्या झऱ्याचं. प्रयोगशाळेच्या कपाटात वरच्या फळ्यांवर शाळेची आम्लं आणि खालच्या दोन फळ्यांवर भाऊंचं पाणी. प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर गावाचं नाव. एकदा एका नव्या शिक्षिकेने तहान लागली म्हणून त्यातली एक बाटली तोंडाला लावली, तर भाऊ दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "वरुडचं होतं थे. संत्र्याच्या बगीच्यातलं. आता कोण जाते तिकडे?"

भाऊ म्हणजे आमचे प्रयोगशाळा परिचर. परीक्षानळ्या धुणं, टेबलं पुसणं, विज्ञानाचे सर मागतील ते आणून देणं, हे त्यांचं काम. मी त्याच शाळेत चित्रकला शिकवते. रीतसर डिप्लोमा केलेला, कॉलेजात जलरंगाचं पहिलं बक्षीस मिळालेलं. सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज नको: हे मी भक्तिभावाने लिहीत नाहीये. त्या माणसाचा मी दहा वर्षं हेवा केला. शनिवारी सकाळची शाळा सुटली, की अर्धी मुलं घरी न जाता प्रयोगशाळेच्या खिडक्यांना लटकायची. ते दिसलं की माझ्या पोटात खरोखर दुखायचं.

ती जमायची भाऊंचे बुडबुडे बघायला.

एका पसरट चिनी मातीच्या वाडग्यात पाणी, त्यात अंगाच्या साबणाचा कीस, चिमूटभर साखर, आणि शाळेच्या भांडारात कित्येक वर्षं पडून असलेल्या निळ्या शाईचे चारदोन थेंब. मग काचेची नळी आत बुडवून भाऊ फुंकायला लागायचे. सावकाश, गाल न फुगवता. निळसर फेस वाडग्यातून वर यायचा, कडेच्याही वर चढायचा आणि घुमटासारखा उभा राहायचा. मग हुकूम सुटायचा, "पंखा बंद!" अमरावतीचा एप्रिल असो नाहीतर मे, पंखा बंद म्हणजे बंद. घाम पुसायलासुद्धा कोणी हात हलवायचं नाही. भाऊ कोरा कागद दोन्ही हातांनी धरून त्या फेसावर नुसता टेकवायचे आणि उचलायचे.

कागदावर बुडबुड्यांची अख्खी वस्ती उमटलेली असायची. पाच कोनांची, सहा कोनांची घरं, काही ऐसपैस, काही तिळाएवढी, एकमेकांत दाटून बसलेली. कडा गडद निळ्या, आत फिकट. कोणाला त्यात सीताफळाची साल दिसायची, कोणाला पिंपळाच्या पानाची जाळी, कोणाला मार्च महिन्यात भेगाळलेलं काळं वावर. शाळेतल्या कारकून बाईंना एका कागदात त्यांच्या आईच्या हाताची कातडी दिसली होती आणि त्या चक्क रडल्या होत्या. मी तिथेच उभी होते. माझं चित्र बघून आजपर्यंत कोणी रडलेलं नाही. लोक माझ्या चित्रांना ‘हुबेहूब’ म्हणतात. हा शब्द मला आधी फार आवडायचा.

कागद वाळला की भाऊ तो पालथा करायचे आणि मागे पेन्सिलीने चार ओळी लिहायचे: पाणी कुठलं, कोणी आणलं, हवा कशी, बुडबुडा कसा. उदाहरणार्थ, ‘पाणी: तिवसा, विहीर. आणलं: सातवी ब मधली चष्मेवाली. हवा: कोरडी, चिडकी. बुडबुडा: लवकर आला, लवकर गेला.’ यातली एक ओळही कधी रिकामी राहिलेली मी पाहिली नाही. पुढच्या बाजूला मात्र सही नाही, काही नाही.

मी एकदा त्यांना म्हटलं, "भाऊ, खाली सही करत जा. चित्र कोणी काढलं ते कळायला नको?"

"मी कुठी काढलं मॅडम?" ते म्हणाले. "पाण्यानं काढलं. अन् पाणी ज्यानं आणलं, त्याचं नाव लिवलं ना मांगं."

असं बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

स्वभावाने तसे विक्षिप्तच. चहा आला की तो हातात धरून बसायचे. वरचा फेस, कडेचा शेवटचा बुडबुडा फुटेपर्यंत ओठ लावायचे नाहीत. "जिवंत बुडबुडा पेऊ नाई," म्हणायचे. वैशाख पौर्णिमेला त्यांच्या घरी शाळेतल्या सगळ्यांना खिरीचं आमंत्रण असायचं. खीर अशी, की दुसरी वाटी मागितल्याशिवाय कोणी उठायचं नाही. पण खीर संपली, की पाहुण्यांना ओसरीत बसवून त्या वर्षी आलेली सगळी पाणी दाखवायचा कार्यक्रम. कोणतं पाणी शांत, कोणतं उतावीळ, कोणतं ‘बोलत नाई पण ध्यानात ठेवते’. त्यांच्या पत्नी आतून म्हणायच्या, "आता तं जाऊ द्या लोकाईले घरी!" आणि भाऊ आणखी एक बाटली उघडायचे.

शाम्पूचा त्यांना भारी राग. एकदा एका मुलाने सुचवलं, की साबण किसत बसण्यापेक्षा शाम्पू टाका, फेस लवकर येईल. भाऊ म्हणाले, "शाम्पूचा फेस कोणत्याई पाण्यात येते. त्याले पाण्याची वळखच नाई. साबणाले वळख असते. पाणी गोडं असलं तं खुलते, खारं असलं तं फाटते." हे वाक्य मी माझ्या नकळत लक्षात ठेवलं होतं. पुढे ते माझ्या कामाला आलं, आणि तेव्हा मला कळलं मी ते कशासाठी ठेवलं होतं.

नववीच्या वर्गात पेशींचा धडा होता. सूक्ष्मदर्शक बिघडलेला, म्हणून भाऊंनी मुलांपुढे आपला एक कागद धरला. मुलांनी पटापट त्यावरून पेशींच्या आकृत्या काढल्या. विज्ञानाचे सर चिडले. ही काय कांद्याची साल आहे का, म्हणाले. भाऊ शांतपणे म्हणाले, "सर, जागा कमी पडली का सगळे असेच बसतात. कांदा असो का बुडबुडा. आपण यष्टीत कसे बसतो?" वर्ग हसला. सरही हसले. त्या आठवड्यात मी त्याच वर्गाला स्थिरचित्रातली छायाप्रकाशाची तत्त्वं शिकवत होते आणि मागच्या बाकांवर दोन मुलं झोपली होती.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीतली भिंत मला सहन झाली नाही.

त्या भिंतीवर माझं चिखलदऱ्याचं चित्र होतं. दरी, धुकं, पलीकडचे डोंगर एकामागे एक फिकट होत गेलेले. अकरा दिवस बसून केलेलं. नोकरीला लागले त्याच वर्षी बाईंनी ते लावून घेतलं होतं. एका सोमवारी मी सही करायला गेले, तर तिथे भाऊंचा कागद. काचेच्या चौकटीत. माझीच चौकट.

"तुमचं आपण हॉलमध्ये लावू हां, मोठी जागा आहे तिथे," बाई म्हणाल्या. "हे बघा ना, रोज बघितलं तरी रोज नवीन काहीतरी दिसतंय. गंमतच आहे."

माझं चित्र ऑफिसातल्या कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभं होतं. हॉलमध्ये ते आजतागायत लागलेलं नाही. भाऊंना हे कळलं तेव्हा ते स्वतः माझ्याकडे आले. त्यांना वाईट वाटलं असावं. म्हणाले, "मॅडम, तुमचं चित्र चांगलं हाये. पयलेपासून पाहून राहिलो मी." मग अगदी सरळ मनाने, "फक्त त्याच्यात आता काई होणार नाई."

या वाक्यावर मी किती संध्याकाळी काढल्या, ते माझ्या नवऱ्याला विचारा.

मग मी घरी स्वतः करून बघायचं ठरवलं. दार लावून, कोणाला न सांगता. वाडगं घेतलं, बाजारातून शाई आणली, प्लॅस्टिकची स्ट्रॉ घेतली. फुंकताना एकदा दम संपला आणि सवयीने मी श्वास आत ओढला. ती शाई लवकर जात नाही. दुसऱ्या दिवशी माझी जीभ, दात, ओठांचे कोपरे सगळं निळं. मी रुमाल धरून शिकवलं. मुलांना वाटलं सर्दी आहे. मधल्या सुट्टीत भाऊ चित्रकलेच्या खोलीत आले, माझ्याकडे एकदा पाहिलं, खिशातून काचेची एक नळी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "फुकाचं असते मॅडम. ओढाचं नाई." बस. कोणाला सांगितलं नाही, हसले नाहीत. हसले असते तर मी त्यांना मनातल्या मनात माफ तरी केलं असतं.

नळी वापरूनही मला जमलं नाही. म्हणजे बुडबुडे यायचे, ठसे उठायचे, पण सगळे सारखे, पडद्याच्या छापील कापडासारखे. भाऊंच्या कागदात जी धुसफूस असायची, एकाने दुसऱ्याला ढकलल्याची, ती माझ्यात नव्हती.

आणि तोच माणूस माझ्याकडे वर्षानुवर्षं एक गोष्ट मागत होता. माझं माहेर अकोल्याचं, खारपाणपट्ट्यातलं. दर दिवाळीला, दर उन्हाळ्यात भाऊ विचारायचे, "मॅडम, अकोल्याले चालले ना? तिकडचं पाणी नाई मायाजवळ. एक बाटली आणजा." मी हो म्हणायची आणि आणायची नाही. विसरायची नाही बरं का. बाटली बॅगेत न्यायची आणि रिकामी परत आणायची.

एक तर मी कोणाचं पाणी भरणाऱ्यातली नव्हते. दुसरं म्हणजे ते पाणी मला ठाऊक होतं. लहानपणी आई आमची डोकी धुवायची. साबण घासून घासून तिचे हात भरून यायचे, पण फेस म्हणून यायचा नाही. केसांना पांढरं कीट चिकटायचं. आई म्हणायची, "खाऱ्या पाण्याचं डोस्कं हाये माय, काय करू?" अमरावतीला कॉलेजात आले, वसतिगृहात पहिल्यांदा डोकं धुतलं आणि हातात एवढा फेस आला की मी घाबरले. ते पाणी आणून भाऊंच्या फळीवर ठेवायची मला लाज वाटायची. वाटायचं, त्यावर चिकटपट्टी लागेल, मागे काहीतरी लिहिलं जाईल, आणि आणणारी म्हणून माझं नाव.

मग अकोल्याचं प्रदर्शन आलं. शाळाशाळांमधले शैक्षणिक प्रयोग मांडायचे, परीक्षक बघणार, निवड झाली तर पुढे मुंबईला. मुख्याध्यापिकाबाईंनी अर्थातच बुडबुडे पाठवायचे ठरवले. पण नियम असा, की सादर करणारी व्यक्ती शिक्षकच हवी. परिचराच्या नावावर प्रवेश घेता येत नव्हता. बाईंनी मला बोलावलं. "तुमचं नाव टाकते. कलेचंच आहे शेवटी. करतील भाऊच, तुम्ही फक्त उभ्या राहा."

फक्त उभ्या राहा!

बोर्ड मीच रंगवला. ‘साबणाच्या बुडबुड्यांतून शाईचे आकृतिबंध’, खाली ‘सादरकर्त्या’ आणि वीतभर अक्षरात माझं नाव. सर्वात खाली बारीक अक्षरात ‘साहाय्य: प्रयोगशाळा परिचर’. भाऊंचं नाव लिहायला जागा होती. मी मोजून पाहिली होती. तरी नाही लिहिलं. भाऊंनी बोर्ड पाहिला आणि म्हणाले, "अक्षर मस्त आलं मॅडम." आणि चिखलदऱ्याच्या पाण्याचा पांढरा कॅन उचलून एस.टी.कडे चालू लागले. तो कॅन भूगोलाच्या सरांनी सहलीहून मुद्दाम आणला होता. भाऊंच्या मते बुडबुड्याला त्याच्याइतकं मायाळू पाणी दुसरं नव्हतं.

सकाळी मांडामांड झाली. मी माझी चार जलरंगाची चित्रंही बाजूला लावली होती, कोणी विचारलं तर असावीत म्हणून. भाऊ टेबलाखाली सामान लावत होते, आणि गर्दीतून माझे कॉलेजातले सर आले. ज्यांनी मला पहिलं बक्षीस दिलं होतं तेच. आता निवृत्त झालेले, प्रदर्शनाला परीक्षक म्हणून आलेले. सर माझ्या चारही चित्रांवरून पुढे सरकले. बोर्ड वाचला. मग टेबलावरचा एक कागद उचलून उजेडाकडे धरला आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत पाहिला.

"हे तू केलंस?" शेवटी म्हणाले. "अगं, सुटलीस की तू. मला वाटलं होतं, हुबेहूबच्या बाहेर काही तू यायची नाहीस."

मी काही बोलले नाही. खरं तर बोलायला एक वाक्य पुरलं असतं. भाऊ दोन हातांच्या अंतरावर, टेबलाखाली, साबणाची वडी शोधत होते.

"दुपारी आम्ही तिघं येतो," सर म्हणाले. "तेव्हा करून दाखव. तुझ्या हातून बघायचंय मला."

ते गेले. मला आधी फार आनंद झाला. मग लगेच कळलं, की दुपारी नळी माझ्या हातात नसणार. मी फुंकलं तर पडद्याचं कापड निघणार, भाऊंनी फुंकलं तर सर भाऊंकडे बघणार. ज्या नजरेने त्यांनी तो कागद पाहिला होता, त्याच नजरेने. एवढं मात्र माझ्याने बघवलं नसतं.

बुडबुडा आलाच नाही तर?

भाऊ डबा खायला गेले. मी कॅन उचलला, हॉलच्या मागे गेले आणि कडुलिंबाच्या बुंध्याशी चिखलदऱ्याचं सगळं पाणी ओतून दिलं. बाजूला बोअरचा नळ होता. कॅन भरला, झाकण घट्ट लावलं. तोंडावर थोडं उडालं ते चाखलं गेलं. माझ्या लहानपणाचंच पाणी होतं.

दुपारी तिघे परीक्षक आले. मी म्हटलं, "सर, फुंकायचं काम भाऊ करतात, मला दम्याचा त्रास आहे." मला दमा नाही. भाऊंनी माझ्याकडे चमकून पाहिलं, मग वाडग्यात पाणी ओतलं, साबण किसला, शाई टाकली, पंखा बंद करायला लावला. फुंकायला लागले. पाणी नुसतं गुडगुडलं. साबण फाटला. पांढऱ्या कण्या वर आल्या आणि शाई त्यांना चिकटून मळकट राखाडी झाली. भाऊंनी आणखी साबण घातला, आणखी फुंकलं. ज्यांना कधी गाल फुगवताना पाहिलं नव्हतं त्यांचे गाल फुगले, मानेच्या शिरा वर आल्या. मागे कोणीतरी हसलं. माणसं पांगायला लागली.

मग भाऊंनी करंगळी वाडग्यात नाही, थेट कॅनमध्ये बुडवली आणि जिभेला लावली.

ते कॅनकडे बघत राहिले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. मग उभे राहून सरांना म्हणाले, "सर, आज नाई जमून राहिलं. पाण्यात गडबड झाली. मायी चूक हाये. मॅडमनं सकाळीच पाहून घ्या म्हटलं होतं, मीच नाई पाह्यलं."

मी असं काहीही म्हटलेलं नव्हतं.

"असू दे, असू दे," सर मला म्हणाले. "कागद आहेतच की. चांगलं काम आहे तुझं." आणि तिघे पुढच्या टेबलाकडे गेले. आमची निवड झाली नाही. गर्दी ओसरल्यावर भाऊंनी एक कोरा कागद घेतला, त्या फाटलेल्या साबणावर टेकवला, उचलला आणि वाळत ठेवला. नुसते राखाडी डाग होते, कुठे दाट, कुठे विरळ.

परतीच्या एस.टी.त रिकामा कॅन त्यांच्या मांडीवर होता. मूर्तिजापूरला त्यांनी भजी घेतली आणि अर्धी माझ्यापुढे धरली. मी नको म्हटलं. मग त्यांनी पिशवीतून तो राखाडी कागद काढून पालथा केला आणि हलत्या गाडीत पेन्सिलीने लिहायला लागले. एक ओळ लिहिली. पेन्सिल थांबली. मग खाली जाऊन पुढचं लिहिलं. मी खिडकीबाहेर बघत होते, म्हणजे तसं दाखवत होते.

त्यानंतर त्यांनी मला अकोल्याचं पाणी कधी मागितलं नाही. बाकी सगळ्यांना मागायचे. मी रजेचा अर्ज घेऊन त्या दारावरून जायची तेव्हा आतून हाक यायची नाही. दुसरं काहीही बदललं नव्हतं, नमस्कार तोच, बोलणं तेच. ती एक हाक तेवढी गेली होती. ज्या हाकेची इतकी वर्षं चीड यायची, तिच्यासाठी मी दारापाशी पाय रेंगाळवायला लागले. एकदा तर मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "चार दिवस अकोल्याला चालले हो!" आतून नळ्या धुतल्याचा आवाज येत राहिला.

भाऊ निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या दिवशी त्यांनी शाळेतल्या प्रत्येकाला एकेक कागद दिला, ज्याने त्याने आणलेल्या पाण्याचा. भूगोलाच्या सरांना चिखलदरा. कारकून बाईंना त्यांच्या आईच्या गावचा. सगळे कागद पालथे करून आपापली नावं वाचत होते, एकमेकांना दाखवत होते. मला वाटलं, मला काही मिळणार नाही, मी कधी काही आणलंच नव्हतं. भाऊंनी माझ्या हातात कागद ठेवला. राखाडी डागांचा.

मी तो तिथे पालथा केला नाही. घरी नेऊन केला.

‘पाणी: अकोला, बोअरचं. कोणी आणलं:’ पुढे कोरं. ‘हवा: हॉलमधली, कोंडलेली. बुडबुडा: आला नाही. पाण्याचा दोष नाही.’

चार महिने तो कागद माझ्या टेबलाच्या खणात होता. ज्या दिवशी मी त्याच्याकडे नीट, मोकळ्या डोळ्यांनी बघितलं, त्या दिवशी मला त्यात आईच्या ओंजळीत साचलेलं पांढरं कीट दिसलं, आमच्या ओल्या केसांतून निथळणारं. आणि आता रागवा हवं तर, पण तेव्हाही मला पहिल्यांदा हेवाच वाटला. बिघडलेल्या पाण्यातूनही या माणसाच्या हाताखाली असं काहीतरी निघावं, आणि माझ्या अकरा दिवसांच्या दरीत काही होऊ नये!

मग मात्र मी माहेरी गेले, नळाखाली बाटली धरून काठोकाठ भरली आणि परतताना अमरावतीला न उतरता तशीच पुढे तिवशाला गेले. भाऊ तिथे त्यांच्या मूळ घरी राहायला गेले होते. ओसरीत भिंतीला लागून सगळ्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. त्यांच्या पत्नीने चहा आणून ठेवला. मी बाटली भाऊंपुढे ठेवली आणि खणातला कागद काढून पालथा केला.

"भाऊ, यात माझं नाव राहिलं," मी म्हटलं. "तुमचं पाणी मी ओतून दिलं होतं. त्या सरांना वाटलं होतं हे सगळं मी केलं, आणि मी त्यांना वाटू दिलं."

त्यांनी कागद हातात घेतला नाही. कानावरची पेन्सिल काढून माझ्यापुढे केली. "तुमीच लिवा. तुमचं अक्षर चांगलं हाये."

मी लिहिलं. बोर्डावर वीतभर लिहिलं होतं, इथे मावेल तेवढंच. सरांना अजून सांगितलेलं नाही. तेवढं धैर्य त्या दिवशी नव्हतं, आजही जमवते आहे.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं," मी म्हटलं.

"चाखल्यावर कोणाले नाई कळत?"

"मग बोलला का नाहीत? सगळ्यांसमोर स्वतःवर का घेतलंत?"

भाऊंनी कप हातात धरला होता. कडेला एक बुडबुडा राहिला होता, तो फुटेपर्यंत ते थांबले. मग चहाचा घोट घेतला.

"काहून बोलू जी?" ते म्हणाले. "दहा वर्षं मांगून राहिलो होतो तुमाले. पैल्यांदा आणलं होतं तुमी पाणी."

मी त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. असता तर मला किती सोपं गेलं असतं. पण ते माझ्याकडे बघतही नव्हते. चिकटपट्टी दाताने तोडून नव्या बाटलीवर लावत होते.